माहेरचा बैल आणि तळ्यातला गाळ

आमच्या बगीच्यातलं तळं कधी आटत नाही, असं बाबा पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे. ते गेले की आई म्हणायची, "पाणी नाही आटत का चिखल नाही आटत, ते बी सांगत जा ना त्यायले."

सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. गावाला लागूनच आमचा संत्र्यांचा बगीचा होता. झाडं लावली त्याच वर्षी बाबांनी हे तळं स्वतःच्या हाताने खोदलं. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसायचा. म्हणून वीज असेल तेव्हा मोटार लावून विहिरीचं पाणी तळ्यात सोडून ठेवायचं आणि मग सवडीने झाडांना द्यायचं, अशी त्यांची योजना. योजना चांगलीच होती, पण वरच्या अंगाला उतार होता. दर पावसाळ्यात वरच्या वावरातली काळी माती वाहून यायची, झाडांचा पाला पडायचा, शेवाळ कुजायचं आणि सगळं तळाशी जाऊन बसायचं. पाळीवर उभं राहून पाहिलं तर पाणी काठोकाठ दिसे. त्या पाण्याखाली किती गाळ साचला आहे, याचा अंदाज बाबा सोडून सगळ्यांना होता.

दर उन्हाळ्यात आई गाळाचा विषय काढायची आणि दर उन्हाळ्यात बाबांकडे कारण तयार असायचं. एका वर्षी लग्नसराई, एका वर्षी मोटार जळालेली, एका वर्षी त्यांच्या कमरेत उसण भरलेली. "यंदा राहू दे ना, पुढच्या उन्हाळ्यात पाहू," हे वाक्य ऐकलं की ऊन तापायला लागलं, असं आम्ही समजायचो. एकदा तर त्यांचं टिकासच, म्हणजे खोदायचा टिकावच, हरवलं, आणि ते धुऱ्यापलीकडच्या काकांनी नेऊन परत दिलं नाही, असं बाबांनी जाहीर करून टाकलं. धुरा म्हणजे शेताची हद्द. त्या धुऱ्यावरून दोघांच्या वर्षानुवर्षं गप्पा चालायच्या, त्या टिकासापायी बंद पडल्या. त्या वर्षीही गाळ तसाच राहिला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी नुकतीच पांढुर्ण्याच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सणावाराला बसने घरी यायचे. पगार सुरू झाल्यापासून मला जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत होतं, आणि घरी आले की ते ऐकवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे.

आमच्या जोडीतल्या एका बैलाला आम्ही बाजारचा म्हणायचो आणि दुसऱ्याला माहेरचा. बाजारचा बाजारातून घेतलेला, अंगाने दांडगा आणि मनाचा राजा. माहेरचा आईच्या माहेरून आलेला. तिचं माहेर सावरगावचं, पांढुर्ण्याहून जाम नदी ओलांडली की लागतं ते. आजोबांनी शेवटच्या आजारपणात गोठ्यातला एक गोऱ्हा लेकीकडे पाठवून दिला. पुढे ते गेले, मामांनी वावर विकून नागपूर गाठलं, घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून आईजवळ उरला तो हा बैल. संध्याकाळी गोठ्यात ती त्याच्याशी बोलत बसायची. काय बोलायची ते आम्ही कधी विचारलं नाही. बोलून आली की तिचा चेहरा मात्र हलका झालेला असायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा खांदशेकणीची तयारी चालली होती. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढलं, ते खांदे त्या संध्याकाळी तूप आणि हळदीने शेकायचे. आईने वाटीत तूप कोमट केलं, हळद कालवली आणि पळसाच्या पानाने दोन्ही बैलांच्या खांद्यांवर सावकाश फिरवलं. मग नेहमीप्रमाणे दोघांना हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. त्या शब्दानंतर बैल पाहुणा होतो. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, मग गावावर आभाळ कोसळो.

बाजारच्याने आमंत्रण शेपटीने झटकून टाकलं. माहेरच्याने आईचा हात चाटला.

रात्री डोंगराकडे जोराचा पाऊस झाला असावा. सकाळी ओढा फुगून वाहत होता आणि बैल धुवायला आलेल्या लोकांची काठावर रेटारेटी झाली होती. बाबांनी त्या वर्षी नवी झूल आणली होती, शिंगांना लावायला बेगड आणली होती, आणि तोरणाखाली आपली जोडी सर्वांत आधी उभी करायचा त्यांचा पण होता. ओढ्यावर वाट पाहत उभं राहण्याची त्यांची तयारी नव्हती. "आपलं तळं असताना दुसऱ्याच्या मागं काहून उभं राहू?" असं म्हणून ते जोडी घेऊन बगीच्यात गेले.

मी आणि आई पुरण वाटत होतो. थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आई पुरणाच्या हाताने तशीच धावत सुटली, तिच्यामागे मी.

बाबांनी काठावर आणल्यावर बाजारच्याने पाय रोवले होते. ओढलं, चुचकारलं, शेपूट पिळली, तरी तो जागचा हलला नाही. माहेरचा मात्र सांगितल्यासरशी पाण्यात उतरला होता. आता तो पोटापर्यंत रुतून मध्ये उभा होता. बाहेर यायला धडपडत होता आणि दर धडपडीला थोडा आणखी खाली जात होता. बाबा छातीएवढ्या पाण्यात त्याची मान धरून उभे होते आणि तेही गुडघ्यापर्यंत गाळात होते.

"सांगितलं का ऐकते ना तो," आई म्हणाली. "माझ्या माहेरचा होय." एवढंच ती बोलली. गाळाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी वाट पाहत होते, कारण माझ्या जिभेवर तर सगळे उन्हाळे एकदम आले होते. पण तिचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. ती त्या बैलाकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने तिने आजोबांकडे शेवटचं पाहिलं होतं. हा गेला तर तिचं सावरगाव संपणार होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

हाक ऐकून लोक जमले. कोणी म्हणालं ट्रॅक्टर बोलवा. गावात एकच ट्रॅक्टर, आणि पावसाच्या काळ्या मातीत तो शिरला असता तर आधी त्यालाच काढावं लागलं असतं. तेवढ्यात धुऱ्यापलीकडचे काका आले. त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी न बोलावता आले, आणि येताना आपली जोडी घेऊन आले. बैलांच्या अंगावर अजून आंघोळीचं पाणी होतं. त्यांच्या गड्याच्या खांद्यावर जू होतं.

"वहिनी, बाजूले व्हा," काका म्हणाले. "जू टाकतो अन् दोर बांधतो. माही जोडी खेचून काढन त्याले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आई मात्र जोडीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "काल तुमच्याबी घरी आवतन झालं. पाहुण्याच्या खांद्यावर जू ठेवता काय?"

"अवं, तुहा बैल मरून राहिला!" बाबा पाण्यातून ओरडले.

"दिसून राहिलं मले."

"मंग?"

"मंग माणसं नाहीत का इथं?"

मी संतापले. आई, हा काय हट्ट आहे, जीव मोठा की रीत मोठी, असं सगळं मी तिला लोकांसमोर ऐकवलं. शाळेतल्या बाईंच्या आवाजात ऐकवलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि पाण्यात उतरली. खरं सांगायचं तर ती बरोबर होती की मी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण ती उतरल्यावर काठावर उभं राहून मत मांडत बसणं मला जमेना. मीही चपला काढल्या.

काकांनी आपली जोडी झाडाला बांधली. जू तिथेच पाळीवर पडून राहिलं. मग कामाला खरी सुरुवात झाली. आधी पाणी काढायला हवं होतं. खालच्या बाजूची पाळ फोडायची, असं काका म्हणाले. ती पाळ बाबांनी एक एक दगड बसवून बांधली होती. त्यांनी फक्त मान डोलावली. चार फावडी पडली आणि पाणी भसाभस झाडांमध्ये निघून गेलं. बाबा ज्या तळ्याचा एवढा अभिमान बाळगायचे, त्यातलं पाणी बघता बघता संपलं. मागे उरला तो नुसता गाळ. काळाभोर, तुपासारखा दाट, आणि वासाने डोकं उठवणारा. त्यात बैल पोटापर्यंत उभा.

"आटलं का तळं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. एरवी लोक हसले असते.

गाळ सरळ उपसता येत नव्हता. एक फावडं काढलं की बाजूचा गाळ सरकून तिथे भरायचा. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या आणल्या आणि बैलाभोवती गोल रोवून कूड केला. त्याच्या आतला गाळ पुरुष फावड्यांनी घमेल्यात भरत होते आणि आम्ही बाया ती घमेली हातोहात काठावर पोचवत होतो. पुरणपोळ्या टाकून आलेल्या बाया होत्या, कोणाच्या हाताला कणीक होती, कोणी सणाचं नवं लुगडं तसंच नेसून आली होती. बौद्ध मोहल्ल्यातल्या दोघी जणी कामावर निघाल्या होत्या, त्याही रांगेत आल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "बाई, घमेलं पोटाशी धरा, नाही तं कंबर जाईन." मी पोटाशी धरलं. माझी नवी साडी त्या दिवशी गेली ती गेलीच.

गाळातून काय काय निघालं! माझ्या लहानपणीचा पितळी भोवरा. बाबांचा एक गमबूट. कोणाची तरी कढई. आणि मग काकांच्या फावड्याला काही तरी खणकन लागलं. त्यांनी वाकून हाताने चाचपलं, ओढलं आणि वर धरलं. टिकास होतं. दांडा कुजलेला, पण लोखंड आमचंच, त्यावरची खूण सगळ्यांना माहीत होती.

काम थांबलं. बाबा टिकासाकडे पाहत राहिले. काकांनी ते धोतराला पुसलं, सावकाश काठावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "सापडलं बा एकदाचं." मग परत आपल्या जागी आले आणि फावडं उचललं. बाबांनी त्यांच्या शेजारी जागा केली.

दुपार कलायला आली तेव्हा बैलाचे गुडघे दिसले. आता फक्त ओढायचा राहिला होता, पण त्याच्यात जोर नव्हता. तो थरथरत होता आणि मान खाली टाकत होता. छातीभोवती आणि पोटाखाली गोणपाटाचे पट्टे गुंडाळले, त्यांना दोर बांधला. माणसांनी नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. ओल्या दोरावरून हात निसटत होते. बैल वीतभर हलला आणि पुन्हा बसला. आईच्या तोंडून बारीकसा हुंदका निघाला. दिवसभरात पहिल्यांदाच.

बाबांनी तो ऐकला. तसेच तरातरा चिखलातून बाहेर गेले, पाळीवर पडलेलं काकांचं जू उचललं आणि आईपुढे आणून आपटलं.

"बैलाच्या खांद्यावर नाही ना ठेवाचं?" ते ओरडले. "नको ठेवू. हे घे!" आणि त्यांनी जुवाची एक बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. "कोण येते रे दुसरीकडे?"

काका दुसऱ्या बाजूखाली शिरले.

दोराचं टोक जुवाच्या मध्यावर बांधलं. बाबा आणि काका, दोघेही पन्नाशी ओलांडलेले, काठाच्या चढावर वाकून उभे राहिले. बाकीच्यांनी मागून बैलाला खांदे लावले. कोणीतरी बैलांना हाकतात तशी आरोळी ठोकली, आणि तशाही वेळी एक हशा उठला. बाबा स्वतःही हसले असावेत, कारण त्यांचे दात दिसले. मग त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. पाय घसरत होते, रुतत होते, पुन्हा उभे राहत होते. गाळाने एक मोठा आवाज केला, आणि माहेरचा सरकत, घसटत वर आला आणि काठावर आडवा झाला.

तो उठला नाही. डोळे उघडे होते, पण अंग थंड होतं. आईने वाळल्या गवताने त्याचं अंग चोळायला घेतलं. गवत संपलं तेव्हा पदराने चोळलं. ओवा घालून गुळाचं गरम पाणी पाजलं, त्यातलं निम्मं बाहेर आलं. तिकडे गावात डफडं वाजायला लागलं होतं, पण इकडून कोणी हललं नाही. आईने मला घरी पिटाळलं. "पोळी आण," म्हणाली. "नैवेद्याची. तुपाची धार सोडून आण."

मी पळत जाऊन पोळी आणली. आईने त्याच्या तोंडापुढे धरली. "आवतन देलं होतं ना मी तुले," ती त्याला म्हणाली. "मंग? जेवाले नाही येत काय?"

त्याने पोळी हुंगली. बराच वेळ नुसती हुंगली. मग जीभ बाहेर काढली आणि आडव्यानेच सगळी पोळी खाल्ली. दुसरी मागितल्यासारखी मान ताणली. थोड्या वेळाने त्याने मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि डुगडुगत उभा राहिला. उभं राहून त्याने पहिलं काम काय केलं असेल तर भलीमोठी धार सोडली. बाबा मागेच उभे होते, त्यांच्या पायावर उडाली. सगळा जमाव हसत सुटला. मी तर खाली बसून हसले आणि हसता हसता रडले, आणि माझ्या शेजारच्या बाईने आपल्या चिखलाच्या हाताने माझे डोळे पुसले.

गावाने तोरण आमच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. नवी झूल घालायला बाबांचा हात धजला नाही. बेगड नाही, रंग नाही, अर्ध्या अंगावर सुकलेला गाळ, असा माहेरचा सगळ्यांत शेवटी तोरणाखाली येऊन उभा राहिला. शेजारी काकांची जोडी होती, तिचे खांदे कालच्या हळदीने अजून पिवळे होते. पोळा फुटला, आमची जोडी दारात आली आणि आईने दोन्ही बैलांची पूजा केली. दिवसभर तिने बाबांकडे पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही.

संध्याकाळी आंघोळ करून बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. सदरा घालता येत नव्हता. जुवाने उजवा खांदा पार सोलून निघाला होता. मी मलम आणायला उठले, तर आई आतून वाटी घेऊन आली. कोमट तूप, त्यात हळद, आणि हातात पळसाचं पान. काल ज्या पानाने शेकलं होतं, तसंच. ती बाबांच्या मागे बसली आणि खांद्यावर सावकाश पान फिरवायला लागली. बाबांनी डोळे मिटले. मी आपल्या कामात असल्यासारखं दाखवत होते.

डोळे न उघडताच बाबा म्हणाले, "उद्या गाळ काढाले लागतो. सगळा काढतो. आता नाही ठेवत."

एवढे उन्हाळे आई ज्या वाक्यासाठी भांडली होती, ते वाक्य तिच्यासमोर आलं होतं. ती काय बोलते म्हणून मी कान टवकारले. तिने पान पुन्हा तुपात बुडवलं, त्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं.

"राहू द्या ना उद्या," ती म्हणाली. "दुखून राहिलं असन."